शब्द कुणाला दिला होता?

जर्सी सिटीत केनेडी बुलेवार्डवर सेंट पीटर्स नावाचं एक छोटं जेझुइट विद्यापीठ आहे. न्यूअर्क अव्हेन्यूवर वाणसामान घ्यायला येणाऱ्या माझ्या ओळखीच्या बहुतेकांना २०२२च्या मार्चपर्यंत ते ठाऊकही नव्हतं. त्या महिन्यात राष्ट्रीय कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेत पंधरावं मानांकन असलेल्या या संघानं केंटकीला ८५-७९ असं हरवलं, मग मरी स्टेटला, मग परड्यूला. शेवटच्या आठांत पोचलेला पंधराव्या मानांकनाचा हा पहिलाच संघ. २७ मार्चला नॉर्थ कॅरोलायनानं त्यांना थांबवलं, आणि आठवडा उलटायच्या आत प्रशिक्षक शाहीन हॉलोवे सीटन हॉलला निघून गेले.

सीटन हॉल काही मैलांवर, साउथ ऑरेंजला. हॉलोवे विद्यार्थी असताना तिथंच खेळले होते, म्हणजे माणूस माहेरी गेला म्हणायचं. बिग ईस्टसारखी मातब्बर लीग, पैसाही मोठा. आणि चांगल्या पगारासाठी सातासमुद्रापलीकडे आलेल्या आमच्यासारख्यांनी त्यांना निष्ठेचं प्रवचन द्यावं, हे जरा विनोदीच.

विद्यापीठाशी निष्ठा हा मुद्दा मी सहज सोडून देतो. सतत हरणाऱ्या प्रशिक्षकाला विद्यापीठं मुदतीआधी नारळ देतातच. शिवाय सेंट पीटर्सनं स्वतः काय केलं? स्टेटन आयलंडच्या वॅगनर कॉलेजमधून बशीर मेसन यांना आणलं. मेसन दहा वर्षं तिथं मुख्य प्रशिक्षक होते. वॅगनरच्या पोरांसाठी फारसं कुणी हळहळलं नाही. ती टीव्हीवर दिसली नव्हती ना.

मुलांचं मात्र वेगळं. प्रशिक्षक सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या घरी जातो, त्याच्या आईसमोर बसतो. मोठ्या विद्यापीठांनी न विचारलेला मुलगा असतो तो. प्रशिक्षक त्याला ग्रंथालयाचं किंवा वसतिगृहाचं कौतुक ऐकवत बसत नाही. ‘माझ्याकडे ये, मी तुला घडवतो,’ असंच काहीतरी सांगतो. करार विद्यापीठाशी असतो, शब्द मुलाला दिलेला असतो. करार मोडायची किंमत वकिलांनी आधीच आकडा घालून लिहिलेली असते. शब्दाची कुठंच लिहिलेली नसते.

२०२१पर्यंत तर नियमच उफराटा होता. विद्यापीठ बदललं, तर खेळाडूनं साधारणपणे एक वर्ष बाहेर बसायचं. प्रशिक्षक मात्र दुसऱ्या दिवशी नव्या रंगाचा टाय लावून पत्रकार परिषदेला हजर. ते बदललं, म्हणूनच हॉलोवेंच्या मागोमाग के. सी. एनडेफो सीटन हॉलला जाऊ शकला, डॅरिल बँक्स सेंट बोनाव्हेंचरला, मिशीवाला डग एडर्ट ब्रायंटला. मग फिटंफाट झाली की, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. मुलाला जायची मोकळीक नियमानं दिली. तिनं प्रशिक्षकाचं देणं कसं फिटेल?

हॉलोवेंच्या बाजूनं खरा भक्कम मुद्दा दुसराच आहे. घडवतो म्हणाले होते आणि घडवलं. म्हणून तर इतरांनी या पोरांना मागणी घातली. हे मी निम्मं मान्य करतो. उरलेलं निम्मं बाकावरच्या मुलाचं आहे. त्याचं घडणं अर्ध्यावर असतं आणि त्याला कुणी फोन करत नाही.

याच गावात बॉब हर्ली होते. सेंट अँथनी शाळेत १९७२पासून मुख्य प्रशिक्षक. पोटासाठी प्रोबेशन अधिकाऱ्याची नोकरी. कॉलेजांनी बोलावलं तरी गेले नाहीत. २८ राज्य अजिंक्यपदं मिळवली, २०१०मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेले. २०१७मध्ये पैशाअभावी ती शाळाच बंद पडली. माणूस राहिला, संस्था गेली! त्यांचा मुलगा डॅन वॅगनरहून र्‍होड आयलंडला, तिथून कनेटिकटला गेला आणि २०२३, २०२४ अशी सलग दोन राष्ट्रीय अजिंक्यपदं जिंकला. वडील श्रेष्ठ की मुलगा, हा निवाडा मी करणार नाही. वडिलांच्या पोरांना मात्र, पुढच्या वर्षी सर असतील ना, हे विचारावं लागत नसणार. मेसन त्यांतलेच एक.

२०२४मध्ये हॉलोवेंच्या सीटन हॉलनं एनआयटी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंडियाना स्टेटला ७९-७७ असं हरवलं. काही दिवसांतच इंडियाना स्टेटचे प्रशिक्षक जॉश शर्ट्झ सेंट लुईस विद्यापीठात गेले. संघातला सर्वांत गाजलेला खेळाडू, चष्मेवाला रॉबी अविला, त्यांच्यापाठोपाठ गेला.