वफा आणि खरेपणा

१९९३चा ‘झपाटलेला’ आम्ही सोलापुरात लहानपणी टीव्हीवर पाहिला आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचे चाहते झालो. २००४ साली ते गेले. २०१३ साली ‘झपाटलेला २’ आला. तात्या विंचू थ्रीडीत अंगावर आला, पण आम्ही लक्ष्यालाच शोधत राहिलो. मग चाहता म्हणून खोटी तारीफ करायची, की नाराजीपोटी पहिले हसूही नाकारायचे? उर्दू शाळेत शिकवताना, दुसऱ्या चाचणीत घसरलेल्या मुलाला आम्ही वाढीव गुण देत नाही; पण हजेरीपटातून त्याचे नावही काढत नाही. वफा म्हणजे हेच. उणे ते उणे म्हणावे, पण ज्याने हसवले त्याचे उपकार विसरू नयेत. माणसांच्या बाबतीतही एवढे जमले तरी पुष्कळ.