महाद्वाराबाहेरची नेणीव

पंढरीच्या विठ्ठलाला ‘विठाई’, ‘माउली’ म्हणणाऱ्या वारकऱ्याच्या मनात आईच्या कुशीची दडपलेली ओढ असते, असे मनोविश्लेषणाचा हवाला देऊन सहज बोलले जाते. हे विधान खटकते. इडिपस गंड, अहं, पराहं वाचकाला ठाऊक आहेत. प्रश्न ‘दडपलेली’ या एका शब्दाचा आहे. ‘अनकॉन्शस’साठी मराठीने ‘नेणीव’ हा शब्द घेतला. नेणीव म्हणजे नुसते न जाणणे. फ्रॉइडच्या नेणिवेत मात्र न जाणण्यासाठी मन सतत बळ खर्च करत असते. मग जे टाळमृदंगाच्या गजरात लाखोंच्या देखत गायले जाते, त्याचे दमन झाले असे म्हणायचे कसे?

देव म्हणजे असहाय मुलाने मोठा करून पाहिलेला बाप, असे फ्रॉइडने १९२७ साली ‘द फ्यूचर ऑफ ॲन इल्यूजन’मध्ये मांडले. पंढरीत हा दरारा असलेला बाप सापडत नाही. इडिपसाच्या नाटकात गुन्हा अखेरीस उघडा पडतो. पुंडलिकाची कथा मात्र गुन्ह्यापासूनच सुरू होते. आईबापांना छळणारा मुलगा पालटतो, त्यांच्या सेवेत इतका गुंततो की दारी आलेल्या देवाला वीट टाकून थांबवतो. राग आणि अपराधभाव, दोन्ही कथेच्या अंगणातच आहेत. कोलकात्यात १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था उभारणाऱ्या गिरींद्रशेखर बोस यांनी फ्रॉइडला हेच वेगळ्या अंगाने कळवले होते: भारतीय पुरुष रुग्णांत स्त्री होण्याची इच्छा युरोपीयांपेक्षा सहज हाती लागते. पुढे १९३१ साली फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला कोलकात्याहून हस्तिदंती विष्णुमूर्ती व्हिएन्नाला गेली आणि त्याच्या टेबलावर विसावली. पण मूर्तीइतक्या सहज बोस यांचे म्हणणे त्याच्या सिद्धांतात शिरले नाही.

यावर आक्षेप येईल की उघड बोलणे हीसुद्धा लपवण्याची रीत असते. मोठ्याने म्हटलेल्या एका गोष्टीआड दुसरी दडते. हा आक्षेप फेटाळावा असे आधी वाटत होते, पण चोखोबांचा विचार केला की तो फेटाळता येत नाही. त्यांचे अभंग शतकानुशतके गायले गेले, आणि गाणाऱ्यांच्याच देवळात त्यांच्या जातीला प्रवेश नव्हता. इथे कोणाला काही माहीत नव्हते असे नाही. माहीत असून माहीत नसल्यासारखे वागण्याला फ्रॉइडने दमनाहून वेगळे नाव दिले होते; आपण त्याला ‘नाकारणे’ म्हणू. ‘माउली’ या हाकेत सगळी लेकरे सारखी, हे एकदा गाऊन झाले की दारातली मनाई दिसेनाशी होई. म्हणजे मनोविश्लेषण पंढरीला लागू पडते. फक्त त्याने आजवर चुकीच्या माणसाला तपासले. तपासायला हवा होता तो हाक मारणारा भक्त नव्हे, हाक ऐकून दार लावून घेणारा समाज. ते दार उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. चोखोबांची समाधी आजही महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर आहे.