आगोटीआधीचा पैसा

मे महिना सरत आला की रत्नागिरीत पैसा हलायला लागतो. वाशीच्या दलालांकडून हापूसच्या पट्ट्या चुकत्या होतात. मिरकरवाडा बंदरात नौका किनाऱ्यावर घ्यायची घाई असते, कारण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद; त्याआधी खलाशांचे हिशेब पुरे करायचे असतात. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची खरेदी होते, घरावर प्लास्टिक चढतं. वर्षाची बरीचशी कमाई अशी एकदम हातात येते आणि मग मुलांच्या फिया, गणपती, बागेतली खतं, मोहोराच्या फवारण्या असं करत पुढे सहा-आठ महिने जात राहते. मधल्या काळात हा पैसा कुठे आणि कसा असतो, याकडे आपलं लक्ष फार कमी असतं. आज त्याबद्दलच बोलावंसं वाटतं.

बहुतेकांचा तो बचत खात्यात असतो. बचत खात्याचा व्याजदर 2011च्या ऑक्टोबरपर्यंत रिझर्व्ह बँक ठरवत असे. मग तो बँकांवर सोपवला गेला. चढाओढ लागेल आणि ठेवीदाराचं भलं होईल अशी आशा होती. 2025मध्ये मोठ्या बँकांनी हा दर अडीच टक्क्यांवर आणून ठेवला. एखाद्या बागायतदाराचे तीन लाख रुपये जूनपासून नोव्हेंबरपर्यंत तिथे राहिले, तर त्याला साधारण पावणेचार हजार मिळतात. तेच सहा महिन्यांच्या मुदत ठेवीत ठेवले आणि दर साडेपाच टक्के धरला, तर सव्वाआठ हजार. साडेचार हजारांचा हा फरक एका फवारणीच्या औषधाला हातभार लावतो.

परवा एका बँकेत पासबुक भरायच्या यंत्रापुढे एक मासे विकणाऱ्या मावशी उभ्या होत्या. यंत्रातून बाहेर आलेल्या पानावरून त्या बोट फिरवत होत्या. एका ओळीशी बोट थांबलं. “हे कसले?” त्यांनी शेजारच्या मुलाला विचारलं. “व्याज, मावशी. तीन महिन्यांचं.” “एवढंच?” त्या एका शब्दात जेवढा हिशेब होता, तेवढा भल्याभल्या नोकरदारांच्या डोक्यात नसतो. पगार जमा होतो, हप्ते जातात, व्याजाच्या ओळीकडे कुणी बघतच नाही.

मुदत ठेव म्हटलं की लोक बिचकतात. पावसात काही अडलं तर, हा प्रश्न खराच आहे. पण ठेव मुदतीआधी मोडली तरी पैसे अडकत नाहीत. जेवढे दिवस ठेवली तेवढ्या दिवसांच्या दरातून सहसा अर्धा-एक टक्का कापून व्याज हाती येतं. तीन लाखांची एकच ठेव करण्यापेक्षा लाख, लाख, पन्नास, पन्नास अशा चार केल्या की अडचणीला त्यांतली एकच मोडावी लागते. बऱ्याच बँकांत स्वीपची सोय असते. खात्यात ठरलेल्या रकमेच्या वर जे असेल ते आपोआप ठेवीत जातं आणि लागेल तसं परत येतं. पण ती आपल्याला मागून घ्यावी लागते. समोरून कुणी सांगेल याची वाट पाहण्यात पावसाळा निघून जातो.

आपल्या आधीची पिढी या बाबतीत जागरूक होती. मुंबईच्या गिरणीतून आलेल्या मनीऑर्डरीवर घर चालवणाऱ्या बायकांना पोस्टाच्या बचत खात्याचा दहा तारखेचा नियम पाठ असे. दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज. म्हणून भरायचं ते दहाच्या आत आणि काढायचं ते शक्यतो महिना उलटल्यावर. बँकांनी 1 एप्रिल 2010पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज द्यायला सुरुवात केली. पोस्टात मात्र तो जुना नियम अजून चालू आहे, आणि तिथला दर आहे 4 टक्के. ज्यांचं पोस्टात खातं आहे त्यांनी ही तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर गोल करून ठेवावी.

चार-दोन टक्क्यांसाठी एवढं कशाला, असंही म्हणणारे आहेत. त्यांना चिकटपणा वाटतो तो. मला तो कष्टांचा मान वाटतो. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभा केला, रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी त्याला पाठबळ दिलं, आणि 1908मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. एकेका पैशाला किंमत आहे असं मानणारी माणसं होती म्हणूनच ते झालं.

आता कार्डांकडे येऊ, कारण तरुण मुलांचं सगळं लक्ष तिकडे असतं. कॅशबॅक कुठून येतो हे आधी समजून घ्यायला हवं. आपण क्रेडिट कार्ड वापरलं की दुकानदाराला त्या रकमेवर शुल्क द्यावं लागतं, ढोबळमानाने दोन टक्क्यांच्या आसपास. त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला जातो आणि त्यातूनच थोडासा आपल्याला परत येतो. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांच्यावरचं हे शुल्क 1 जानेवारी 2020पासून शून्य झालं. जिथे शुल्कच नाही तिथे परत द्यायला बँकेकडे काही उरत नाही, म्हणून यूपीआयवरचे सुरुवातीचे घसघशीत कॅशबॅक पुढे आटत गेले. राम आळीतल्या ओळखीच्या दुकानात क्रेडिट कार्ड पुढे करताना मला हे आठवतं. तिथल्या माझ्या दहा रुपयांच्या लाभासाठी दुकानदार वीस रुपये मोजतो. त्याच्याकडे मी खात्यातून यूपीआयने देते. कार्ड ठेवते ते मोठ्या कंपन्यांच्या ऑनलाइन खरेदीला आणि प्रवासाच्या तिकिटांना. हा नियम सगळ्यांना पटेलच असं नाही, पण लाभ कुणाच्या खिशातून येतो हे ठाऊक असावं.

कार्ड नीट वापरलं तर त्याचा खरा फायदा पॉइंटांपेक्षा बिनव्याजी मुदतीत असतो. खरेदी आणि बिलाची तारीख पाहून वागलं तर चाळीस-पंचेचाळीस दिवस आपला पैसा आपल्याच खात्यात व्याज कमावत राहतो. अट एकच, बिल पूर्ण भरायचं. बिलावर ‘किमान देय रक्कम’ अशी जी ओळ असते, तिने कितीतरी घरं अडचणीत आणली आहेत. तेवढीच भरली की बिनव्याजी मुदत संपते आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून धरलं जातं. वीस हजारांच्या खरेदीवर एक टक्क्याने दोनशे रुपये सुटतात. तेच वीस हजार महिनाभर थकले, तर साडेतीन टक्क्यांनी सातशे रुपये व्याज आणि त्यावर जीएसटी, मिळून आठशे सव्वीस. वर्षाला हा दर बेचाळीस टक्के पडतो. ग्राहक आयोगाने 2008मध्ये त्याला तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024मध्ये तो आदेश रद्द केला. म्हणजे आता आपलं रक्षण आपणच करायचं आहे.

व्याज मिळतं ते जवळ राहिलेल्या पैशावर आणि कॅशबॅक मिळतो गेलेल्या पैशावर, एवढं लक्षात ठेवलं तरी जाहिरातींचं मोहजाल बरंच विरतं.

बागायतदारासाठी सगळ्यात मोठं बक्षीस कुठल्याच कार्डावर नाही. ते पीक कर्जात आहे. हे कर्ज वेळेत फेडलं की केंद्राची तीन टक्के सवलत मिळते, आणि उरलेला भार तीन लाखांपर्यंत राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना उचलते. तीन लाखांवर वर्षाचं सगळं व्याज वाचतं. तारीख चुकली की ते अंगावर येतं. अवकाळी पावसाने मोहोर गळला, फुलकिडीने खाल्ला, तर तारीख पाळायची कशी, हे दुखणं मी जवळून पाहिलं आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण ज्या वर्षी पट्टी बरी येते, त्या वर्षी पहिला पैसा त्या कर्जाकडे वळावा, असं मनापासून वाटतं.

जास्त दर दिसला की एक प्रश्न जरूर विचारावा, विमा आहे का? बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकाही त्यात आल्या, 4 फेब्रुवारी 2020पासून माणशी, बँकेमागे पाच लाखांचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. चांगल्या चाललेल्या पतसंस्था आपल्या जिल्ह्यात आहेत, त्यांच्यावर लोकांचा विश्वासही आहे. तरी म्हातारपणाची सगळी पुंजी एकाच जागी ठेवू नये.

शेवटचं सांगायचंय ते खलाशांच्या घरांसाठी. जनधन खात्याबरोबर मिळालेल्या रुपे कार्डावर अपघात विमा असतो. 28 ऑगस्ट 2018नंतर उघडलेल्या खात्यांना तो दोन लाखांचा आहे, आधीच्यांना एक लाखाचा. मात्र अपघाताच्या आधीच्या नव्वद दिवसांत ते कार्ड एकदा तरी वापरलेलं हवं. कित्येक घरांत ते कार्ड पासबुकाच्या प्लास्टिकच्या पिशवीत आलं तसं पडून आहे, पिनसुद्धा काढलेला नाही. त्याखेरीज वर्षाला वीस रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे आणखी दोन लाख. ते वीस रुपये खात्यातून कापले जावेत म्हणून मेअखेरीला खात्यात शिल्लक हवी. ऑगस्टमध्ये नौका पुन्हा समुद्रात जातील. तोवर कार्डाचा पिन काढून घ्यावा, एटीएममधून शंभर रुपये काढावेत, वारसाचं नाव लागलंय का ते शाखेत विचारावं, आणि ते कार्ड कुठे ठेवलंय हे बायकोला दाखवून ठेवावं.