बाळाची भूक, कोणाचा धर्म?

सातवा महिना लागला की घरात लगबग सुरू होते. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून होतात, झबली-टोपडी धुऊन ठेवली जातात, डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा यांची यादी वाण्याकडे जाते. बाळंतपण माहेरी की सासरी, नाव कोणत्या दवाखान्यात घालायचं, बाळाला अंघोळ घालायला बाई कोण, हे सगळं ठरतं. एक गोष्ट मात्र बहुतेक घरांत ठरवायची राहून जाते. बाळाला पहिल्या तासात, पहिल्या रात्री, पहिल्या सहा महिन्यांत काय पाजायचं आणि त्यासाठी कोणी काय करायचं? ते आई बघून घेईल, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं.

या धरून चालण्याच्या पोटात नीतीचा एक मोठा प्रश्न आहे. तान्ह्या बाळाची भूक भागवणं हा नेमका कोणाचा धर्म? जिला दूध येतं तिचा एकटीचा, की तिच्या भोवतालच्या सगळ्यांचा? धर्मग्रंथांनी, जुन्या वैद्यांनी आणि इतिहासाने याला दिलेली उत्तरं आजच्या पुष्कळ घरांपेक्षा मोठ्या मनाची आहेत.

बृहदारण्यक उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात सात अन्नांची कथा आहे. प्रजापतीने सात अन्नं निर्माण केली, त्यांतलं एक पशूंना दिलं, आणि ते म्हणजे दूध. माणूस आणि जनावर दोघांचाही जीव आधी दुधावरच तगतो, म्हणून जन्मलेल्या बाळाला आधी तूप चाटवतात किंवा अंगावर पाजायला लावतात, असं तिथे सांगितलं आहे. याच उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात जन्मानंतरचा विधी येतो. बाप बाळाला मांडीवर घेतो, दही, मध आणि तूप सोन्याने चाटवतो, मग बाळ आईच्या हाती देऊन सरस्वतीला आवाहन करत त्याला स्तनाशी लावतो. आत्मा आणि ब्रह्म यांची चर्चा करणारा हा ग्रंथ बाळाच्या पहिल्या घोटाशी थांबतो, आणि त्या क्षणी बापाला खोलीबाहेर ठेवत नाही. बाळ आईच्या कुशीत पोचवणं हे त्याचं काम आहे.

तूप-मध चाटवल्यावर आईचं दूध केव्हा द्यायचं, यावर आयुर्वेदाच्या ग्रंथांतही एकवाक्यता नाही. चरकसंहितेत मंत्रून दिलेलं मध-तूप चाटवल्यावर लगेच स्तन द्यावा, तोही आधी उजवा, असं सांगितलं आहे. सुश्रुतसंहितेचं म्हणणं असं, की बाळंतिणीला दूध उतरतं ते तिसऱ्या-चौथ्या रात्री. तोवर बाळाला मध आणि औषधी तुपावर ठेवावं. सुश्रुताचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. दूध भरून येतं ते साधारण तेव्हाच. पण त्याआधी जे दाट, पिवळसर, थेंबाथेंबाने येतं, ते बाळासाठीच असतं हे त्या हिशेबातून निसटलं.

तो चीक. पहिल्या दिवशी एका वेळी येतो तो चमचाभर, आणि नवजात बाळाच्या पोटात मावतं तेही तेवढंच. त्यात रोगांशी लढणारी प्रतिपिंडं ठासून भरलेली असतात. आपल्याकडे म्हैस व्याली की चिकाचा खरवस होतो, वेलदोडा-जायफळ घालून वाटीवाटीने शेजारीपाजारी जातो. बाईचा चीक मात्र कित्येक घरांत जड म्हणून, बाळाला बाधेल म्हणून पिळून टाकला गेला, आणि बाळाच्या तोंडात मधाचं बोट गेलं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असं बालरोगतज्ज्ञ आज सांगतात, कारण मधात बॉट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात आणि कोवळ्या आतड्यात ती वाढू शकतात. ज्यांनी मध चाटवलं त्यांनी मायेनेच चाटवलं. पण मायेचा विधी बाळाच्या जिवाशी आला, तर विधीने मागे सरायचं, हा विवेक परंपरेला परका नाही. चरक आणि सुश्रुत यांच्यात मतभेद होऊ शकतो, तर पुढच्या पिढ्यांना अनुभवावरून दुरुस्ती करायचा अधिकार आहेच.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे. जन्मानंतर तासाभरात बाळाला पाजायला घ्यावं, सहा महिने केवळ आईचं दूध द्यावं, मग वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून अधिक काळ पाजावं. भारतात काय होतं? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यांत झाली, पण तासाभरात आईचं दूध मिळालं ते ४१.८ टक्के बाळांना. म्हणजे डॉक्टर, नर्स आणि नातेवाईक हाकेच्या अंतरावर असताना निम्म्याहून अधिक बाळांचा पहिला तास दुधाविना गेला. हे आयांच्या अज्ञानाचं माप म्हणता येणार नाही. टाके घालून होईपर्यंत बाळ कोणाकडे द्यायचं, सिझेरियन झालेल्या बाईला कुशीवर वळायला कोण मदत करणार, पहिल्यांदा बाळ नीट लागत नाही तेव्हा खाटेशी कोण बसणार, हे आधी न ठरवल्याचं ते माप आहे.

सुश्रुताकडे पुन्हा वळायला हवं, कारण त्याने दोन गोष्टी सांगितल्या आणि समाजाने त्यांतली एकच लक्षात ठेवली. बाळाच्या स्पर्शाने, दर्शनाने, नुसत्या आठवणीनेही दूध पाझरतं आणि त्यामागे अखंड स्नेह असतो, असं तो म्हणतो. बाळाचा रडण्याचा आवाज कानी पडताच आईची चोळी भिजते, याला आजचं शरीरशास्त्र ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचं काम म्हणतं. निरीक्षण तेच आहे. पण सुश्रुत पुढे असंही सांगतो, की राग, शोक आणि वात्सल्याचा अभाव यांमुळे दूध आटतं. हेच वाक्य घराघरांत बोचऱ्या रूपात पोचलं. दूध कमी आलं की बोट आईच्या मायेकडे दाखवलं जातं. ओली बाळंतीण, तीन रात्रींची जागी, टाक्यांनी ठणकणारी, आणि वर तिला ऐकावं लागतं की आमच्या वेळी असं नव्हतं.

त्याच ठिकाणी सुश्रुताने उपायही दिला आहे. दूध वाढवायचं तर आधी तिचं मन प्रसन्न करावं आणि मग जव, गहू, साळीचा भात, मांसरस, लसूण असा आहार द्यावा. क्रम महत्त्वाचा आहे. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू आपण सांभाळले, त्यांच्या आधीचं औषध गाळलं. आणि प्रसन्नता ही काही बाळंतिणीने एकटीने पैदा करायची गोष्ट नाही. ती तिच्या झोपेतून, तिला मिळणाऱ्या गरम जेवणातून, तिच्याशी कोण कसं बोलतं यातून येते. रात्री दोनला बाळ रडलं की लंगोट बदलून ते आईजवळ आणून देणारा नवरा, पाहुण्यांना दारातच थोपवणारी सासू, पाजताना पाठीशी उशी सरकवणारी बहीण, ही सगळी दुधाच्या कारणांतच मोजायला हवीत.

महाराष्ट्राच्या इतिहासात याचं एक ठसठशीत उदाहरण आहे. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. आई सईबाईंची प्रकृती ढासळलेली, त्यांना बाळाला अंगावर पाजणं जमेना. तेव्हा कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांना बोलावण्यात आलं आणि त्या बाळराजांच्या दूधआई झाल्या. दोन वर्षांनी सईबाई गेल्या. धाराऊचं नाव मात्र कोणी दडवलं नाही. तिची मुलं संभाजीराजांचे दूधभाऊ म्हणून ओळखली गेली. छत्रपतींच्या घराण्याने आईच्या दुधाचा अभाव हा आईचा दोष मानला नाही आणि दुसरीचं दूध घेणं हा कमीपणाही मानला नाही. गरज ओळखली, बाई शोधली, नातं उघडपणे मान्य केलं.

पुराणांचंही मन असंच मोठं आहे. कार्तिकेयाला सहा कृत्तिकांनी पाजलं आणि त्याचं नावच त्यांच्यावरून पडलं. भागवताच्या दहाव्या स्कंधातली पूतना विष लावून कृष्णाला पाजायला आली, तरी तिने स्तन दिला म्हणून तिला मातेची गती मिळाली, असं तिथे मानलं आहे.

दुधाने नातं जुळतं ही कल्पना सर्वांत काटेकोरपणे पाळली ती इस्लामने. कुराणाच्या चौथ्या सुऱ्यात दूधआई आणि दूधबहीण यांच्याशी विवाह निषिद्ध ठरवला आहे, रक्ताच्या नात्यासारखाच. दुसऱ्या सुऱ्यातली २३३वी आयत तर बाळाच्या पोषणाची एक संपूर्ण व्यवस्थाच मांडते. ज्यांना पूर्ण काळ पाजायचं आहे त्यांच्यासाठी दोन वर्षं; पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राचा भार बापावर; मुलापायी आईलाही त्रास होऊ नये आणि बापालाही; दोघांनी विचारविनिमय करून, राजीखुशीने दूध तोडलं तर दोष नाही; आणि दुसऱ्या बाईकडून पाजून घ्यायचं असेल तर तिचा मोबदला रीतसर द्यावा. पाजणं, थांबवणं आणि दुसरीकडे सोपवणं या तिन्ही वाटा इथे खुल्या आहेत, आणि बापाला जबाबदारीतून सूट नाही.

या श्रद्धेची आधुनिक रुग्णालयाशी गाठ पडली ती दूधपेढीच्या दारात. पेढीत अनेक आयांचं दूध एकत्र केलं जातं. मग बाळाचे दूधभाऊ कोण, दूधबहिणी कोण? या चिंतेतून इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिक्ह अकादमीने १९८५ मध्ये दूधपेढ्यांविरुद्ध निर्णय दिला. त्याआधी इस्लामी धर्मपंडित युसुफ अल-करदावी यांनी पेढीच्या दुधाला परवानगी देणारं मत मांडलं होतं, कारण बाळ प्रत्यक्ष स्तनाला लागत नाही. हा वाद आजही मिटलेला नाही; २०२४ मध्ये कराचीत सुरू होणारी दूधपेढी याच कारणाने थांबवली गेली. या आक्षेपाला अडाणीपणा म्हणून उडवून लावणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. जीव वाचवणारी देणगी घेतली तर देणाऱ्याशी आपलं काही नातं लागतं का, हा त्यातला प्रश्न खरा आहे. देणाऱ्या आणि घेणाऱ्या मातांची नोंद ठेवून, दोघींच्या संमतीने, त्यावर वाट काढता येते.

मुंबईत दूधपेढीची वाट १९८९ मध्ये सुरू झाली. शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली दूधपेढी उभी केली. पद्धत साधी आणि कडक आहे. बाळाचं पोट भरून ज्या आईकडे दूध उरतं, ती संमती देते, तिच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ-ब, सिफिलीस यांसाठी तपासणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सियसवर ३० मिनिटं तापवून थंड करतात, जंतू नाहीत याची खात्री करून उणे २० अंशांवर गोठवून ठेवतात. मग ते जातं कमी दिवसांच्या, किलो-सव्वा किलोच्या बाळांना. ज्याला चोखण्याचीही ताकद नाही, त्याच्या पोटात ते नळीने थेंबथेंब उतरतं. जरा बळ आलं की वाटी-चमच्याने, बोंडल्याने. धाराऊचं नाव इतिहासाला ठाऊक आहे. पेढीत दूध देणाऱ्या बाईला आपलं दूध कोणाला गेलं ते सहसा कळत नाही, तरी ती देते. राजघराण्यापुरती असलेली सोय इथे झोपडपट्टीतून आलेल्या बाळाला मिळते.

पेढी सगळीकडे नाही. आईला कर्करोगाची औषधं चालू असतील, किंवा सगळे प्रयत्न करूनही दूध पुरत नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पावडरचं दूध द्यावं लागतं. तेही अन्नच आहे. उकळलेलं पाणी, स्वच्छ भांडं आणि मापाने घातलेली पावडर असेल तर बाळ त्यावर वाढतं. आक्षेप आहे तो बाजाराने आईच्या भीतीचा फायदा घेण्याला. म्हणूनच १९९२ च्या कायद्याने भारतात शिशुदुधाच्या पर्यायांची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे. हा कायदा कंपन्यांसाठी आहे, आईला अपराधी ठरवण्यासाठी नाही. पावडरचा डबा उघडणाऱ्या बाईला घरच्यांनी टोमणा मारायचा नाही, हेही बाळ यायच्या आधीच ठरवून ठेवण्यासारखं आहे.

घराबाहेरच्यांचा धर्म मात्र अजून अपुरा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, सहा महिन्यांच्या निव्वळ स्तनपानाशी मेळ बसेल अशी. ही रजा मिळते ती पगारी नोकरी असलेल्या बाईला. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारी बाई नवऱ्यासह मिळून एक कोयता धरली जाते. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि कामावर न गेलेल्या दिवसाचा खाडा पैशात वसूल होतो. बाळंत होऊन थोड्याच दिवसांत ती फडात उतरते. बाळ पाचटाजवळ, झोळीत. सहा महिने फक्त आईचं दूध, हा सल्ला तिने कुठल्या वेळेत पाळायचा? तिच्या खाड्याची रक्कम कारखान्याने भरायची की सरकारने, यावर वाद घालता येईल. ती त्या बाईच्याच उचलीतून कापली जाते, हे आज थांबवायला हवं, आणि त्यासाठी पुढच्या गाळप हंगामाची वाट पाहायचं कारण नाही.