सहज भय आणि शिकविलेले भय

भय हे आहार-निद्रेइतकेच प्राणिमात्राला जडलेले आहे, असे नीतिकार सांगत आले आहेत. ते खरेही आहे. पण म्हणून माणसाच्या मनातील प्रत्येक भय सहज ठरते काय? हा प्रश्न केवळ मानसशास्त्राचा नाही, तो आचाराचाही आहे. भय सहज असेल तर भिणारा निर्दोष होय. ते शिकविलेले असेल तर कोणी शिकविले, याचे उत्तर कोणाला तरी द्यावे लागेल.

या प्रश्नाकडे आम्हास एका वासनिक मातेने वळविले. काही वर्षांपूर्वी निरूपणात आम्ही नरकयातनांचे वर्णन बरेच रंगवून केले होते. चार-सहा दिवसांनी ती म्हणाली, "बाबा, त्या दिवसापासून पोरगं अंधारात पाऊल टाकीत नाही." आम्ही म्हणालो, "बाई, लेकरांना अंधाराचे भय असतेच." उत्तर तोंडून गेले खरे, पण मनास पटले नाही.

प्रथम शरीराची साक्ष पाहू. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या उंदराने मांजर कधी पाहिलेले नसते. तरी मांजराचा गंध येताच तो जागच्या जागी थिजतो. हे सहज भय. दुसऱ्या उंदरास एक ध्वनी ऐकवून लगेच विजेचा सौम्य झटका दिला, असे काही वेळा केले, की पुढे नुसत्या ध्वनीनेही तो थिजतो. हे शिकलेले भय. मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाच्या आकाराचा पेशीसमूह आहे. दोन्ही भये त्यातून जातात, परंतु त्यांच्या वाटा पुष्कळशा निरनिराळ्या आहेत. जपानी संशोधकांनी २०१५ साली अमिग्डलातील काही विशिष्ट पेशींचे कार्य उंदरांमध्ये दाबून पाहिले, तेव्हा सहज भय वाढले आणि शिकलेले भय घटले. म्हणजे मेंदू या दोहोंत भेद करतो. पण बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही उंदीर सारखेच थिजलेले दिसतात. माणसाचेही तेच. छाती धडधडते, घसा कोरडा पडतो, आणि त्या धडधडीवर 'हे जन्मजात' किंवा 'हे शिकविलेले' अशी मुद्रा उमटलेली नसते. म्हणूनच 'मला आतूनच भीती वाटते' एवढ्यावरून ते भय सहज ठरत नाही.

काही भय तर अमिग्डलाच्याही पलीकडचे आहे. अमेरिकेतील एका स्त्रीच्या मेंदूतील दोन्ही बाजूंचे अमिग्डला एका दुर्मीळ रोगाने निकामी झाले होते. साप पाहूनही तिला भय वाटत नसे. परंतु २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला कार्बन डायॉक्साइडमिश्रित वायू हुंगविला, तेव्हा ती भयाने व्याकूळ झाली. श्वास कोंडण्याचे भय देहानेच आतून पुकारले. अशा भयाबद्दल कोणासही भित्रा म्हणणे हा अन्याय होय.

आता साप घ्या. सापाचे भय आपण जन्मजात समजतो. सुसान मिनेका यांनी दाखविले, की प्रयोगशाळेत वाढलेली माकडे सापाला फारशी भीत नाहीत. परंतु दुसरे माकड सापाला भिताना एकदा पाहिले की तीही भिऊ लागतात. त्यांनी १९८९ साली चित्रफितीत असे जुळवून दाखविले, की माकड जणू फुलांनाच भीत आहे. पण पाहणारी माकडे फुलांचे भय शिकली नाहीत. तात्पर्य, शेत जन्माचे असते, पेरणी मात्र दुसऱ्याच्या मुद्रेवरून होते. लेकरू आधी साप पाहत नाही, आईचा चेहरा पाहते. सापापुरते हे हिताचेच. पण एखाद्या वस्तीजवळून जाताना, एखाद्या माणसाची सावली पडताना आईबापांनी अंग चोरले, तर मूल तेही शिकते; आणि मोठेपणी म्हणते, 'हे माझ्या रक्तातच आहे.' ते रक्तात नसते, घरात असते.

पेरणे किती सोपे आहे, हे वॉटसन आणि रेनर यांनी १९२० साली अमेरिकेत दाखविले. सुमारे अकरा महिन्यांच्या बालकापुढे पांढरा उंदीर आणून प्रत्येक वेळी मागे लोखंडी कांब जोराने ठोकली. बालक उंदराला भिऊ लागले. पुढे सशाला, कुत्र्यालाही. ते भय न काढताच प्रयोग संपला. रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी यास हिंसा म्हणू नये काय?

शिकविलेले भय पुसताही येत नाही. ध्वनी वारंवार ऐकवून झटका न दिल्यास उंदराचे थिजणे थांबते. परंतु काळाने ते परत उद्भवते. जुने भय तसेच राहते, त्यावर निर्भयतेची नवी शिकवण बसते एवढेच. म्हणून ती शिकवण पुनःपुन्हा द्यावी लागते.

येथे कोणी म्हणेल, भय दाखविल्यावाचून जीव पापापासून परतेल कसा? कर्माचे फळ सांगावेच लागते, हे आम्हास मान्य आहे. परंतु समजू शकणाऱ्यास फळ समजावून देणे वेगळे, आणि न समजणाऱ्यास धडकी भरविणे वेगळे. पहिल्याने विवेक जागतो. दुसऱ्याने केवळ देह थिजतो, आणि थिजलेला देह म्हणजे धर्माचरण नव्हे.

लीळाचरित्रात पारध्यांच्या तावडीतून सुटू पाहणारा ससा श्रीचक्रधरस्वामींच्या आश्रयास येतो. त्याचे भय सहज होते, आणि त्यास आसरा मिळाला. सहज भयास आसरा द्यावा. शिकविलेल्या भयाचा हिशेब शिकविणाऱ्याने द्यावा.

आमचा हिशेब आम्ही असा दिला. त्या मातेची क्षमा मागितली. पुढे कित्येक सायंकाळी त्या मुलाचा हात धरून, दिवा न घेता, ओट्यापासून विहिरीपर्यंत चालत गेलो. पहिले काही दिवस त्याची मूठ घट्ट असे. नंतर ती सैल झाली. मध्ये एकदा पुन्हा घट्ट झाली, तेव्हा आम्ही पुन्हा पहिल्यापासून चालू लागलो.