दस्तरखानावरील अमानत

गतवर्षी शाबान महिन्यात मी माझ्या रक्ताची तपासणी करून घेतली. गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारा आकडा 6.1 निघाला. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, असे डॉक्टरांनी सांगितले आणि विचारले, ‘‘मौलाना, दिवसाला चहा किती?’’ मी बोटांवर मोजू लागलो. फजरनंतरचा एक, मकतबच्या मुलांना शिकवून झाल्यावर एक, मग कोणाच्या आजारपणाची विचारपूस, कोणाच्या निकाहची बोलणी. सात कप झाले. प्रत्येकी दोन चमचे धरले तरी चौदा चमचे साखर! जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ती दिवसाला सहा चमच्यांच्या आसपास राहिली तर अधिक हितकारक, आणि त्यात मिठाई-सरबतातली साखरही आली.

मिंबरवरून मी इस्राफवर अनेकदा बोललो आहे. वुजूच्या पाण्याविषयी बोललो, लग्नातील रोषणाईविषयी बोललो. ताटाविषयी मात्र कधी बोललो नाही, कारण ते ताट माझेही होते.

सूरह अल-आराफच्या 31व्या आयतीत खाण्यापिण्याची मोकळीक आणि अतिरेकाची मनाई एकत्रच आली आहे. आपण पहिला भाग पाठ केला. तिर्मिजीतील हदीसनुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पोटाला माणूस भरतो त्या भांड्यांपैकी सर्वांत वाईट भांडे ठरविले, पाठ ताठ ठेवण्यापुरते घास पुरेसे मानले आणि त्याहून अधिक हवेच असेल तर एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला व एक श्वासाला ठेवण्यास सांगितले.

यावर काही बंधू म्हणतात की, गोड खाणे ही सुन्नतच आहे. प्रेषितांना (स.) गोड पदार्थ व मध आवडत, हे हजरत आयशा (रजि.) यांच्या कथनावरून खरे आहे. परंतु त्यांच्या घरात महिनोन्‌महिने चूल पेटत नसे आणि खजूर व पाण्यावर दिवस निघत, हेही त्याच माऊलीने सांगितले आहे. आवडीची सुन्नत उचलायची आणि भुकेची सोडून द्यायची, हा कोणता न्याय?

रमजानमध्ये तर आपण उलटेच करतो. खजूर व पाण्याने रोजा सुटतो, आणि लगेच समोसे, भजी, लाल सरबत, फालुदा! तरावीहमध्ये रुकूत वाकताना पोट आडवे येते. यंदा माझ्या घरी आम्ही खजूर-पाण्यानंतर मगरिब अदा केली आणि मग ज्वारीची भाकरी, डाळ व भरपूर भाजी घेतली. तळण फक्त जुम्याला. यासाठी घरातील स्त्रीला दोष देऊ नये. भजी नसली की कपाळाला आठ्या पाडणारे आपणच असतो. (ज्यांना मधुमेह जडला आहे त्यांनी रोजाविषयी डॉक्टरांना आधी विचारावे, आजाऱ्याला सवलत कुरआननेच दिली आहे.)

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि तेरा कोटींहून अधिक लोक माझ्यासारखे उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरून परतता येते. अशा लोकांवर भारतातच झालेल्या व 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, केवळ आहार सुधारून व नियमित चालून मधुमेहाचा धोका तीन वर्षांत पाव हिश्शाहून अधिक घटला. नशिबात असेल ते होईल, असे म्हणणाऱ्यांनी उंटाला आधी बांधण्याची शिकवण आठवावी.

आमच्या मशिदीत एक वडीलधारे नमाजी खुर्चीवर बसून नमाज अदा करतात. जखम चिघळून त्यांच्या पायाची दोन बोटे काढावी लागली. माझा आकडा ऐकून ते म्हणाले, ‘‘मौलाना, देहाचाही आपल्यावर हक्क असतो, ही हदीस तुम्ही आम्हाला रात्रीच्या इबादतीत अति करू नये म्हणून सांगितलीत. जेवणासाठी का नाही सांगितलीत?’’ माझ्यापाशी उत्तर नव्हते.

गेल्या आठवड्यात एका घरी मी बिनसाखरेचा अर्धा कप मागितला. घरच्या भाभी दाराआडून काळजीने म्हणाल्या, ‘‘मौलाना, आमच्यावर नाराज आहात का?’’ मी कारण सांगितले. क्षणभर कोणी बोलले नाही. मग त्यांच्या पतीने आपला कप परत आत पाठविला.