खाडीतील विसावा आणि किनाऱ्याचे ऋण

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर नाताळच्या सुट्टीचे जे बेत ठरतात, त्यांत अलीकडे कयाकची भर पडली आहे. कोकणातील एखाद्या शांत खाडीत, तिवरांच्या सावलीतून, स्वतःच्या हाताने होडी वल्हवीत दोन घटका घालवाव्यात, अशी ओढ शहरी कुटुंबांना लागली आहे. ही ओढ निकोप आहे. परंतु तिच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. दूरच्या निर्मळ पाण्यात विसावा शोधणाऱ्या माणसाचे आपल्या दाराजवळच्या मलिन पाण्याशी काही नाते उरते काय?

प्रथम विसाव्याची बाजू पाहू. वल्ह्याची होडी माणसाचा अहंकार उतरवते. कयाकमध्ये बसणाऱ्याची नजर पाण्याच्या अगदी जवळ असते. चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या, मुळांत दडणाऱ्या कुर्ल्या आणि फांदीवर ध्यानस्थ बसलेला खंड्या त्याला बरोबरीच्या नात्याने भेटतात. इंजिनाची घरघर नाही, तेलाचा तवंग नाही. शिवाय हुकमत पाण्याची चालते. भरतीबरोबर आत जावे, ओहोटीबरोबर परतावे. उलट जाऊ पाहणाऱ्याचे केवळ दंड दुखतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ महिला बचत गटाने २०१७ मध्ये कांदळवनाची सफर सुरू केली, तेव्हा किनाऱ्यावरच्या स्त्रियांनीच वल्ही हाती घेतली. ज्या तिवरांच्या मुळांशी मासळीची पिल्ले वाढतात, ती तिवरे टिकली तरच सफर चालणार आणि चूलही पेटणार. तेथे सौंदर्य आणि पोट यांचे भांडण नाही.

आता दुसरी बाजू. शिवाजी पार्कपासून दोन-तीन किलोमीटरवर माहीमची खाडी आहे. १८४५ मध्ये लेडी जमशेटजी यांच्या देणगीतून माहीमचा कॉजवे पुरा होण्यापूर्वी लोक ती नावेनेच ओलांडून वांद्र्याला जात. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघालेली मिठी नदी सुमारे १८ किलोमीटर वाहत येथे समुद्राला मिळते. वाटेत शहराचे सांडपाणी, कारखान्यांची रसायने आणि प्लास्टिक तिच्या पदरात पडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा भरावांनी आवळलेल्या या नदीचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले. पृथ्वीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐका, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सांगितले, त्याचा अर्थ मिठीकाठी वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

‘यात आमचा काय दोष?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. एखाद्या कुटुंबाने नदीत गटारे सोडली नाहीत की भरावही घातले नाहीत. परंतु दोष आणि दायित्व या दोन भिन्न गोष्टी आहेत. दोष करणाऱ्याचा असतो. दायित्व मात्र जाणणाऱ्यावरही येते. ज्याने एकदा जिवंत खाडी वल्हवीत पाहिली, त्याला काळे पाणी हा खाडीचा स्वभाव नव्हे, हे कळलेले असते. दर बुधवारी नोव्हेनासाठी माहीमला जाताना नाकाला रुमाल लावून पुढे सरकणे त्याला पूर्वीसारखे सोपे जाऊ नये.

निराशेला मात्र कारण नाही. धारावीजवळ, मिठीच्या काठी, कचऱ्याच्या जुन्या आगारावर झाडे लावली गेली आणि १९९४ मध्ये महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले. आज तेथे पक्षी आहेत, फुलपाखरे आहेत.

संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू शिमोनाच्या होडीत बसतो आणि ती किनाऱ्यापासून थोडी दूर न्यावयास सांगतो. तो किनारा सोडतो, पण लोकांकडे पाठ फिरवीत नाही. होडीतूनच त्यांना शिकवण देतो. आपल्या विसाव्यालाही हीच कसोटी लावावी. सुट्टीत खुशाल होडी वल्हवावी. परतल्यावर मुलांना निसर्ग उद्यानात न्यावे, माहीमच्या खाडीतली उरलेली तिवरे दाखवावीत आणि नाल्यांतून येणाऱ्या सांडपाण्याबद्दल पालिकेच्या विभाग कार्यालयात विचारणा करावी. एका पॅरिशमधली दहा कुटुंबे मिळून हे सहज करू शकतील.